तेस्नी खोली

"काकू, आठे कितला जन झोपतस?"

एसी बसवणाऱ्या अतिकनं कानामागचा खडू काढला आणि खोलीच्या चौकटीवर हात नेऊन थांबला. कुंदाबाई पदरानं मान पुसत मागे उभ्या होत्या. चैत्र अजून सरला नव्हता, तरी पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत सकाळी दहानंतर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

"आठे मी एकलीच," कुंदाबाई म्हणाल्या.

अतिकनं चौकटीवर १ लिहिला. ही त्याची कामाची पद्धत. आधी टेपनं भिंती मोजायच्या, मग पश्चिमेची भिंत कोणती, वर स्लॅब तापतो का, खिडकीला काच किती हे बघायचं आणि शेवटी खोलीत माणसं किती ते दारावर लिहून ठेवायचं. वहीबिहीच्या भानगडीत तो पडत नसे. घर फिरून झालं की पुन्हा एकदा दारोदार बघत जायचं आणि कुठे एक टन, कुठे दीड, ते ठरवायचं.

"माणसंनं काय काम शे यामा?" कुंदाबाईंनी विचारलं.

"काकू, मानूस म्हंजे शेगडीच शे. नुस्ता बसना तरी तापस. नि श्वास सोडस तेनं पानी हवामा जास. मशीनले ते बठ्ठं ओढनं पडस."

कुंदाबाईंना हे फार पटलं. हा मुलगा मूळचा धुळ्याचा, त्यामुळे त्यांच्या बोलीत बोलत होता. साक्री तालुक्यातलं त्यांचं माहेर. लग्नानंतर सगळी हयात त्यांनी इकडच्या बाजूला काढली, पण जीभ काही वळली नाही. शेजारच्या बाया त्यांच्या बोलण्याला हसायच्या. मुलगा तेजस तर घरात चक्क पुस्तकी मराठी बोलायचा. त्यामुळे अतिक आला की चहात साखर जरा सढळ हातानं पडे.

हॉल झाला. तेजस आणि सून मेघा यांची खोली झाली, तिच्यावर २ पडला. मग दोघं जिना चढून वर गेले. कुंदाबाईंनी दार ढकललं आणि स्वतः मात्र उंबऱ्यातच थांबल्या.

खोलीत एक पलंग होता आणि पश्चिमेच्या खिडकीशी वेताची खुर्ची. खिडकी सताड उघडी, तीतून झळा येत होत्या. खुर्चीच्या हातावर पंचा टाकलेला होता, ओला. दाराशी पुरुषाच्या चपला, जोडीनं, बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेल्या. अतिकनं मापं घेतली. टेप परत जाताना खडखडतो म्हणून त्यानं तो बोटांत धरून हळूच आत सोडला. असं का केलं ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

"नि आठे?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"ही तेस्नी खोली शे," कुंदाबाई म्हणाल्या.

अतिकनं मान हलवली, चौकटीवर १ लिहिला आणि बाहेर येताना दार अलगद ओढून घेतलं.

संध्याकाळी तेजस बँकेतून आला आणि वर जाऊन आला तो तणतणतच. "आई, वरच्या दारावर एक कोण लिहिलाय?"

अतिकला फोन लागला. तिकडून तो म्हणाला, "साहेब, काकूंनीच सांगितलं ना, तुमच्या वडिलांची खोली आहे म्हणून. मोठं माणूस आहे, त्यांच्याकडं जास्त गार नको. एक टन पुरे."

तेजसनं फोन बंद केला. "नाना जाऊन तीन वर्षं झाली आई. 'होती' म्हणावं. 'आहे' म्हटलं की लोकांचे असे घोटाळे होतात."

कुंदाबाई भाकरी थापत होत्या. थापलेली त्यांनी तव्यावर टाकली. तेजसनं वर जाऊन तळहातानं तो आकडा पुसला. खडू लाकडाच्या रेषांत बसला होता, तो काही पुरता गेला नाही.

खरं सांगायचं तर त्या बाईच्या तोंडून नवऱ्यासाठी 'होते' हा शब्द कधी आलाच नव्हता. जीवरामनाना दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. उभा जन्म उष्णतेशेजारी काढलेला माणूस. घरी आला की आधी खिडक्या उघडायचा, मग दारं, मग सदऱ्याची बटणं. कॉलनीच्या क्वार्टरमध्ये थंडीच्या दिवसांतही दार लावून झोपायची सोय नव्हती. कुंदाबाई गोधडीत कुडकुडत आणि नाना खिडकीशी पंचा गुंडाळून घोरत. भांडणं व्हायची ती यावरूनच, दुसरं कारण त्या दोघांना कधी सापडलं नाही. निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं तेव्हा नानांनी वरच्या खोलीला हौसेनं ही मोठी खिडकी ठेवली, आणि तिच्यापाशी बसल्या बसल्याच ते एका दुपारी गेले. पंचा तेवढा ओला होता. तेव्हापासून कुंदाबाई तो रोज सकाळी भिजवून, पिळून खुर्चीवर टाकत. खिडकी त्यांनी कधी लावली नाही.

आता घरात एसी यायचा होता तो काही श्रीमंतीचा थाट म्हणून नव्हे. मेघाला आठवा महिना चालू होता. कूलरच्या दमट हवेनं तिला रात्र रात्र झोप नव्हती आणि बाळ येणार ते ऐन उन्हाळ्यात. तेजसनं सगळा बेत मांडून ठेवला होता. बाहेरचं मोठं यंत्र एकच, गच्चीवर. त्याच्यावर घरातली चार यंत्रं, प्रत्येक खोलीला एक. आणि वरची खोली बाळाची, कारण ती मोठी आणि रस्त्यापासून लांब.

रविवारी अतिक पुन्हा आला. चौघं हॉलमध्ये बसले. तांब्याच्या नळ्या कुठून न्यायच्या, वायर जाड हवी की नको, यंत्रातून पडणाऱ्या पाण्याचे पाईप कुठे सोडायचे, सगळं ठरलं. वरच्या खोलीचा पाईप मागच्या भिंतीवरून धुण्याच्या दगडापाशी उतरवायचा असं निघालं.

"पाणी खूप पडतं का हो?" मेघानं विचारलं. "दगडावर शेवाळ होईल."

"मुंबईत पडतं, ताई. आपल्याकडं या दिवसांत हवेत पाणीच कुठंय? खोलीत माणसं झोपली तर त्यांच्या श्वासाचं थोडं पडेल. रिकाम्या खोलीत तर नावालाच." मग अतिक जरा अडखळला. "फक्त वरची खिडकी. चौकट वाकलीय, बसत नाही. ती कायमची बंद करावी लागेल. फोम भरतो, वरून सिलिकॉन मारतो."

"ती खिडकी ऱ्हाऊ द्या," कुंदाबाई म्हणाल्या.

"अगं, उघडी खिडकी ठेवून एसी लावायचा?" तेजस हसला.

"आखाजीले ते येतस. खिडकी बंद कयी ते कथाईन येतीन?"

तेजसचं हसू ओसरलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. उन्हातान्हातून आलेल्या पितरांनी पाणी प्यावं आणि निवून जावं, ही त्यातली भावना. रीतीप्रमाणं घागर देवघरापाशी भरायची. कुंदाबाई मात्र ती वर खिडकीखाली भरत. दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी चार बोटं उतरलेलं असे, आणि त्या वर्षभराच्या निश्चिंत होत. नवं मडकं पाणी पितंच, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळून उपयोग काय.

मेघानं पोटावर हात ठेवला. "आई, बाळासाठी लागेलच हो ती खोली," ती हळूच म्हणाली. मुलगी गरीब स्वभावाची होती. तिला सासूचं मन मोडायचं नव्हतं, आणि झोपही हवी होती.

कुंदाबाईंनी बराच वेळ सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मरून गेलेल्यासाठी येणाऱ्याला तापत ठेवायचं, हे कोणत्या तोंडानं म्हणणार? पण एकदा तरी ते येऊन, पाणी पिऊन, सुखरूप गेले पाहिजेत, मग खिडकीचं काय व्हायचं ते होवो, एवढाच त्यांचा हट्ट होता.

"आखाजी होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मंग काय लावनं ते लावा."

तेजसनं कबूल केलं, आणि मनापासून केलं. पण उन्हाळ्यात एसीवाल्याचा दिवस मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं. अतिकला मोकळा दिवस सापडला तो नेमका आखाजीचा. त्या दिवशी सणाच्या घरात कोणी भिंती फोडून घेत नाही आणि अतिकला तर सण नव्हता. तेजसनं आईला समजावलं, "खालच्या खोल्यांतच त्यांचा दिवस जाईल. वर हात लावेपर्यंत संध्याकाळ. तोवर नाना पाणी पिऊन जातील की." शेवटचं वाक्य तो थट्टेत म्हणाला नाही, आणि कुंदाबाईंना त्याचं बरं वाटलं. गडबडीत एवढंच राहिलं की हे अतिकला कोणी सांगितलं नाही.

आखाजीला त्यांनी पहाटेच घागर भरली. नवी, लाल, कुंभारवाड्यातून स्वतः टिचकी मारून आणलेली. तोंडावर खरबूज, त्यावर सांजोरी आणि आंबा. पंचा भिजवला. खिडकीकडे पाहून हात जोडले आणि खाली येऊन पुरणाला लागल्या. नऊच्या सुमारास अतिक आणि त्याची माणसं आली. मेघानं दार उघडलं.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर हात लावू देत नाही, म्हणून जाणता माणूस पश्चिमेकडूनच सुरुवात करतो. अतिक सरळ वर गेला. ड्रिलचा आवाज येत होता, पण घरभर घुमणारा तो आवाज नेमका कुठून येतो ते स्वयंपाकघरात कळत नव्हतं. कुंदाबाईंनी तव्यातल्या निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकली, त्यांची नावं घेतली आणि मगच त्यांचं लक्ष गेलं की आवाज डोक्यावर आहे.

पुरणाचे हात तसेच ठेवून त्या जिना चढल्या. गुडघे कुरकुरत होते. दार उघडलं तर खोलीत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मग कळलं की वारा नाही. खिडकी बंद होती. चौकटीभोवती सिलिकॉनची पांढरी रेघ ओलसर चमकत होती.

"व्हयनं, काकू," अतिक समाधानानं म्हणाला. "आते मुंगीबी जावाव नही."

"सांज लगून थांबनं व्हतं रे, भाऊ," कुंदाबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांनी वाकून खरबूज उचललं. घागरीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं.

म्हणजे ते आले होते. आणि मुंगीही जाऊ शकणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी घागरीतलं उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं, घागर आणि वाळलेला पंचा खाली नेऊन ठेवला. मेघा बाळंतपणासाठी एरंडोलला माहेरी गेली. तेजस सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला यायचा. मधली सगळी दुपार कुंदाबाई एकट्या. वैशाखातली भरदुपार ही आमच्याकडे मध्यरात्रीपेक्षा निर्जन असते. जुनी माणसं पोरांना बाराच्या ठोक्याला चिंचेखाली जाऊ देत नसत, ते उगीच नाही.

अशाच एका दुपारी त्यांच्या मनात आलं, आपण खाली गारव्यात पडायचं आणि वर मात्र तापतंय. त्या वर गेल्या, दाराच्या फटीतून हात घालून बटण दाबलं आणि दार ओढून खाली आल्या. आत गेल्या नाहीत. झोपलेल्या माणसाच्या खोलीत जसं जात नाहीत, तसं. स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसल्या. खिडकीबाहेर धुण्याचा दगड उन्हानं पांढरा पडला होता.

टप.

त्यांनी मान वर केली. दगडावर ओला ठिपका होता. तो वाळायच्या आत दुसरा थेंब पडला, मग तिसरा. हळूहळू पाईपातून बारीक धारच लागली. कुंदाबाई उठून दुसऱ्या बाजूला गेल्या. त्यांच्या स्वतःच्या खोलीचा पाईप कोरडा ठणठणीत होता, आणि तिथे तर मघापर्यंत यंत्र लावून त्या पडल्या होत्या.

त्या परत आल्या. मांडणीवरचा तांब्या काढला आणि पाईपाखाली ठेवला. चहाची वेळ होईपर्यंत तो काठोकाठ भरला.

घाबरल्या का? अंगावर काटा आला, हे खरं. पण त्यामागून जे आलं तो आनंद होता, दुसरं नाव द्यायला नको. तीन वर्षांत कोणी त्यांना एवढ्या ठळकपणे 'आहे' म्हणून सांगितलं नव्हतं. रोज दुपारी त्या बटण दाबू लागल्या. पाईपाशेजारी पाट टाकून बसायच्या आणि बोलायच्या. मेघाचा फोन आला होता, बटाटे महागले, समोरच्यांच्या गिरधरनं गाडी घेतली. मध्येच थांबून ऐकायच्या. टप, टप. तेजस यायच्या आत तांब्या उचलून ठेवायच्या. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतंच. सांगितलं असतं तर तेजसनं त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं आणि त्यांच्या मनातलं सुख चारचौघांत वाटलं गेलं असतं.

पण माणूस विचित्र असतो. सुख झालं की त्याची खात्री हवी असते. शेवटी त्यांनीच अतिकला फोन केला, "वरली मशीन पानी जास्त टाकस, बघी जाय."

अतिक दुपारी आला. वर गेला, जाळी काढली, नळ्या तपासल्या. वरून थोडा वेळ खाटखुट ऐकू आली आणि एकदम थांबली. मग तो जिना उतरून आला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि वर तर एसी चालू होता.

"मशीन चांगली शे," तो म्हणाला. "कोठे गळत नही. बर्फ नही." पाईपाखालच्या भरलेल्या तांब्याकडे तो पाहत राहिला. "काकू, वर कोन झोपस?"

"कोनी नही."

"इतलं पानी भरेल खोलीनं ऱ्हास. मानूस असना तेच." तो खाली बघत बोलत होता. "आत कपडे वाळत घालतस का? मडकं, कुंडी?"

"पंचा व्हता, तोबी आखाजीपाईन नही टाकेल."

अतिकनं ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि पिशवी बांधायला घेतली. कुंदाबाई म्हणाल्या, "तुना पान्हा दिसत नही. वरच ऱ्हायना का?"

"ऱ्हाऊ द्या," अतिक घाईनं म्हणाला. "मंग लई जासू." चहाला तो थांबला नाही. साखर घातलेला कप ओट्यावर तसाच निवला.

त्या आठवड्यातच एरंडोलहून फोन आला. मुलगी झाली होती. तेजसचा आवाज चिरकत होता. "सव्वा महिन्यानं घेऊन येतो आई. वरची खोली तयार ठेव."

कुंदाबाईंनी साखर वाटली, देवापुढे दिवा लावला. दुपारी नेहमीसारखा पाट घेऊन पाईपाशी बसल्या. "आपले नात व्हयनी," त्यांनी सांगितलं. वरून धार चालूच होती. त्यांना वाटलं, ही बातमी अशी भिंतीआडून सांगायची नसते. त्या उठल्या आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच, यंत्र चालू असताना, वरच्या खोलीत गेल्या.

खोली थंडगार होती. दार मागे आपोआप लागलं. खुर्ची खिडकीशी होती, तिथेच. आणि बंद खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली होती. सगळ्या काचेवर नव्हे. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तेवढ्याच जागी, तळहाताएवढी. कुंदाबाईंनी जवळ जाऊन बोट लावलं. वाफ आतल्या बाजूनं होती. बघता बघता ती आकसली, नाहीशी झाली, आणि पुन्हा उमटली. पुन्हा आकसली. पुन्हा उमटली. काचेला नाक लावून कोणी बाहेर बघत बसलं असावं, तशी.

आजवर त्यांना वाटत होतं की ते आपल्याजवळ बसलेत. आपलं ऐकताहेत. ते त्यांच्याकडे बघतही नव्हते. ते बाहेर बघत होते. ज्या माणसानं आयुष्यात कधी दार लावून घेतलं नाही, थंडीत नाही, पावसात नाही, त्याला त्यांनी चारी बाजूंनी बंद करून ठेवलं होतं आणि रोज त्याचा श्वास तांब्यात भरून घेत होत्या.

"अगं माय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

त्या खाली गेल्या आणि लोखंडी उलथणं घेऊन आल्या. सिलिकॉन चिवट होता. धारेनं कापायचा, मग पट्टी धरून ओढायची. त्याखाली पिवळा फोम, तो खरवडायचा. नखं दुखायला लागली, पदर खांद्यावरून घसरला, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मनात एकच होतं, थांबावं का? कोणी बघत नाही. तेजसला सांगता येईल की ही खोली नादुरुस्त आहे, बाळ खालीच राहू दे. मग हे इथेच राहतील, जन्मभर. त्यांचा हात खरंच थांबला. शेजारी काचेवर वाफ उमटली आणि आकसली. कुंदाबाईंनी उलथणं पुन्हा फटीत घातलं.

शेवटी चौकट करकरली. त्यांनी खांदा लावून खिडकी ढकलली आणि वैशाखातली झळ भाजल्यासारखी तोंडावर आली. त्या बाजूला सरकल्या. दारातून बाजूला होतात, तशा.

"अहो," त्या म्हणाल्या, "जा आते. मी तुमले कोंडी ठेवं, माफ करा. पुढला आखाजीले खाल देवघरजोडे घागर भरसू, दार उघाडं ऱ्हाई. या, पानी प्या, नि जा."

पडदा नव्हता, त्यामुळे हललं काही नाही. खुर्चीचा वेत तेवढा कुरकुरला. उन्हानं लाकूड-वेत तसे वाजतातच. खोलीतला गारवा बघता बघता निघून गेला. कुंदाबाईंनी यंत्र बंद केलं आणि खिडकीत उभ्या राहून निर्मनुष्य गल्लीकडे पाहत मोकळ्या गळ्यानं रडल्या. तीन वर्षांपूर्वी माणसांच्या गर्दीत राहून गेलेलं रडणं होतं ते.

तेजसनं उपटलेला सिलिकॉन पाहिला तेव्हा तो गांगरला. "कोणी केलं हे?"

"मी," कुंदाबाई म्हणाल्या. "एक काम ऱ्हायनं व्हतं. आते फिरी बंद करी टाका." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं पुढे विचारलं नाही.

पाऊस त्या वर्षी लांबला होता. बाळ यायच्या आदल्या दिवशी अतिक खिडकी बंद करायला आला. सिलिकॉनची नळी हातात घेऊन तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी घुटमळला. वर पाहिलं, मग कुंदाबाईंकडे पाहिलं.

"जाय भाऊ," त्या म्हणाल्या. "तुना पान्हा तठेच शे."

"काकू, पन वर..."

"तेस्नी खोली व्हती ती," कुंदाबाई म्हणाल्या. "आते पोरासनी शे."

अतिकनं मान हलवली आणि जिना चढून गेला. वर त्याच्या पावलांचा आवाज बिनधास्त येत होता, टेपही खडखडत परत गेला. थोड्या वेळानं त्यानं यंत्र चालू करून पाहिल्याची घरघर ऐकू आली.

कुंदाबाई मागच्या दारी गेल्या आणि धुण्याच्या दगडाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी रिकामा करून परत ठेवलेला तांब्या पाईपाखाली अजून तसाच होता. चहाचं आधण उकळून आटत आलं तरी त्या तिथेच होत्या. तांब्यात एक थेंब पडला नाही. तळाशी धूळ होती आणि निंबाचं एक वाळकं पान. त्यांनी तो चिंचेनं घासला, धुतला, पुसला आणि मांडणीवर इतर भांड्यांच्या ओळीत उपडा ठेवला. मग अतिकच्या कपात साखर घातली.